घडीखात्यातली नरसव्वा

नरसव्वा साहेब लोकांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे. बुटांकडे पाहून बोले. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "तोंडाचं काय, सारखं बदलतंय. बूट तरी हाय तितं ऱ्हातोय की."

त्या साहेब लोकांत मीही होतो. पंचाहत्तर सालच्या आसपास सोलापूरच्या एका गिरणीत मी कामगार-कल्याण अधिकारी म्हणून लागलो. पुण्याची पदविका, दोन बुशकोट आणि कामगारांविषयी भरपूर मतं एवढं माझं भांडवल. ओळखीचा कामगार मात्र एकही नव्हता.

नरसव्वा कांडीखात्यात होती. मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. घरी तेलुगू, खात्यात सोलापुरी मराठी, शिव्या दोन्हींत. मग कांड्या भरणारी यंत्रं आली आणि खातं बंद झालं. 'सोमवारपासून सर्व स्त्रियांनी घडीखात्यात हजर व्हावे,' असा कागद फाटकावर लागला. तो मीच लिहिला होता आणि भाषा सोपी जमली म्हणून खूशही होतो. त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं; मी ते कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी चाळीसेक बायका घडीखात्यात भिंतीला लागून उभ्या होत्या. तिथं कापड तपासून त्याच्या घड्या घालायच्या असतात, पण कुणी कुठं बसायचं, कुणाकडून शिकायचं, चुकलं तर कुणाला सांगायचं, काहीच ठरलेलं नव्हतं. जुन्या घडीवाल्या मान वर करीनात. आपली नोकरी जाईल, ही त्यांची भीती. अशा वेळी मी काय करावं? भाषण केलं. बदल ही संधी असते, असं काहीसं.

नरसव्वा माझ्या बुटांना म्हणाली, "संदी हाय खरी. पर ती बसती कुटं, ते सांगा की."

माझ्या शेजारी उभे असलेले गिरणीचे मॅनेजर म्हणाले, "बसा की कुठंही."

"कुटंबी बस म्हनजे हितं नको म्हनायचं झालं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच ती खात्यात हजर. घडीवाल्यांना तिने गाठलं. "ह्यास्नी शिकवलं न्हाय, तर ह्यांनी बिघडवलेले तागे तुमच्याच डोक्यावर येतील," एवढंच सांगितलं. मग प्रत्येक नवीला एका जुनीशेजारी बसवलं. पहिला आठवडा फक्त डाग शोधायचे. दुसरा आठवडा तुटलेले धागे. घडीला हात तिसऱ्या आठवड्यात. चूक झाली तर आधी शेजारणीला सांगायचं, मुकादमाला नाही. महिनाभर कुणाला दंड करू नये, एवढं मुकादमाकडून कबूल करून घ्यायचं काम तिने माझ्यावर टाकलं. माझ्या तिथल्या नोकरीतलं उपयोगाचं काम तेवढंच.

शांता नावाची एक बाई कापडासमोर बसून रडे. जुन्या कामाच्या सवयीने तिचे हात नुसतेच हवेत फिरत. नरसव्वा तिला म्हणाली, "रड, पर कापडावर नको. डाग पडला तर तुलाच हुडकाया लागंल." शांता हसली. महिन्याभरात तिच्या नजरेतून डाग सुटेनासा झाला.

खातं सुरळीत चालू लागल्यावर मॅनेजरांनी माझ्याकडून अहवाल मागितला. मी बारा पानं लिहिली. 'टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण' हे शब्दही माझेच. मालकांपुढे मॅनेजरांनी अहवाल वाचला, त्यांची वाहवा झाली, मला बढती मिळाली. नरसव्वा त्यात 'ज्येष्ठ कामगारांचे सहकार्य' या तीन शब्दांत होती. तरी पेढे घेऊन मी निर्लज्जपणे भवानी पेठेत तिच्या घरी गेलो. तिने अहवाल वाचायला लावला. सगळा ऐकला.

"लई चांगलं काम झालंय," ती म्हणाली. "कुनी केलं म्हनं?"

मी पेढे ठेवून उठलो.

दोन वर्षांनी काविळीने ती गेली. शोकसभेत वाचायचा मजकूर मी तयार केला. त्यात एक ओळ होती: घडीखात्याची घडी नरसव्वाने बसवली. मॅनेजरांनी तेवढीच ओळ खोडून कागद मला परत दिला.

सभेत मी उभा राहिलो आणि तेवढीच वाचली.