दसऱ्याचं शिसं आणि साखरपुड्याचं सोनं

सातपूरच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. काम धातू तपासायचं. पण केमिस्ट्री शिकलेली बाई म्हटल्यावर अख्खी कंपनी शंका घेऊन माझ्याच टेबलाशी येते आणि जाताना माझंच डोकं फिरवून जाते. असे किस्से इतके साठलेत की कुठला आधी सांगू तेच कळेना!

*

अकाउंट्सच्या देशमुख मॅडमनी भर जेवणात विचारलं, "सोडियम पाण्यात पडलं की पेटतं ना?"

"हो."

"आणि क्लोरीन विषारी वायू?"

"हो."

"आणि हे दोन्ही माझ्या आमटीत?"

मी म्हटलं, "अहो, एकत्र आले की त्यांचं मीठ होतं. निवळतात."

"दोन गुंड एकत्र आले की निवळतात? आमच्या कॉलनीत तर नाही बाई!"

*

स्टोअरचे सोनवणे नाना बाइकच्या टायरात खास नायट्रोजन भरून आले. "गाडी लय हलकी पळते!" मी सहज बोलून गेले की साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो.

नाना थबकले. "मंग आजवर मी काय भरत होतो?"

"बहुतेक नायट्रोजनच."

"आन् आज?"

"नायट्रोजन."

नाना बाहेर गेले आणि टायर दाबून बघत बसले.

*

नानांच्याच डब्यात फॉइलला रोज बारीक भोकं पडायची. पोळी शाबूत, आत लिंबाचं लोणचं शाबूत. नानांनी कँटीनमध्ये उंदराचा पिंजरा लावला! उंदीर काही सापडेना. शेवटी मी सांगितलं, "नाना, लोणच्यातला आंबटपणा आणि मीठ ॲल्युमिनियमला खातं."

नाना विचारात पडले. "म्हंजे लोणचं फॉइल खातं, आन् मी लोणचं खातो?" मग म्हणाले, "पिंजरा राहू द्या. खात्री नाय."

*

आमच्याकडे बंदुकीसारखं एक मशीन आहे. धातूवर टेकवून घोडा दाबला की त्यात काय काय आहे ते स्क्रीनवर येतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टीलमध्ये शिसं, पितळेत शिसं, आमचे मॅनेजर पगार साहेब, त्यांच्या किल्लीतही शिसं! साहेबांनी माल अडवला, सप्लायरला फोनवर झापझाप झापलं. मी मशीनच्या पुढच्या, धातूला टेकणाऱ्या खिडकीवरून बोट फिरवलं, तर बोट शेंदरी. पूजेला नानांनी तिथेच शेंदराचा टिळा लावला होता, आणि शेंदूर म्हणजे शिसंच की!

"नाना, नेमका तिथंच का?"

"ताई, डोळे हायेत ते त्याचे. कपाळ कुठं हाय ते तुम्हीच दाखवा!"

*

लॅबमध्ये माझ्यासोबत निकम आहे. त्याचा साखरपुडा झाला. मुलगी देवळाली कॅम्पची, वैशाली. निकम तिच्यावर पुरता फिदा! सासऱ्यांनी घातलेली अंगठी बघून पोरं मागे लागली, "धर की मशीनवर!" त्याने धरली. सोनं नावापुरतं, बाकी तांबं आणि जस्त. म्हणजे चक्क पितळ!

निकमचा चेहरा उतरला. "ताई, आईला कळलं तर ती लग्न मोडेल हो. काय करू?"

मला पोराची दया आली नुसती.

दुसऱ्या दिवशी सासरेच गेटवर हजर. रुमालात वैशालीची चेन, निकमच्या आईने साखरपुड्यात घातलेली. "जावईबापू, इकडून चाललो होतो. तुमच्याकडे मशीन आहे म्हणे. सहज बघता का?"

निकमने निर्धास्त घोडा दाबला.

स्क्रीनवर तांबं आणि जस्त.

मग सासऱ्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी दिलेली अंगठी तिथेच, मशीनजवळ काढून ठेवलेली होती.

त्यांनी चेन परत रुमालात बांधली. "जावईबापू, मशीन बिघडलंय तुमचं."

"हो मामा," निकम म्हणाला, "कालपासूनच!"