नागोरावांचा अर्थिंगचा खड्डा

आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या पुढे, बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरावर एक उंच लोखंडी पाइप उभा आहे. पाइपाच्या टोकाला तारा, खाली खोलीत रेडिओ, आणि रेडिओपुढे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून नागोराव. हा ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी त्याचं लायसन काढलं होतं. कधी गुवाहाटी लागे, कधी कोलंबो. "नागोराव, आदिलाबाद" एवढं म्हटलं की समोरचा खुशाल गप्पा हाणी. कचेरीत तीस वर्षं प्रत्येक नव्या साहेबानं आधी आडनाव विचारलं आणि मग यांचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. हवेतल्या दोस्तांनी कधी विचारलंच नाही. संध्याकाळच्या त्या एका तासावर माणूस जगत होता, यात खोटं काही नाही.

भय विजेचं. म्हणून अंगणापुढे पुरुषभर खड्डा खणून त्यांनी तांब्याची प्लेट पुरली, वर मीठ-कोळसा भरला आणि पाइपाची तार तिथवर नेली. आभाळातली वीज रेडिओत न शिरता मातीत जिरावी, हा हेतू. सुकी माती वीज घेत नाही, म्हणून उन्हाळ्यात रोज घागरभर पाणी. शेजारचा पंढरी हटकून विचारी, "काऊन हो, उगवला का तुमचा कोळसा?"

मग वस्तीत सिमेंटचा रस्ता आला. अकरा वर्षं अर्ज लिहून नागोरावांनीच दगडाला पाझर फोडला होता. ठेकेदारानं दोरी धरली ती नेमकी खड्ड्यावरून. तक्रार करावी तर नकाशा बदला, पुन्हा मंजुरी आणा. वस्तीच्या तोंडचा घास आपणच काढायचा? ते गप्प बसले. तार तुटली, वर सिमेंट पडलं. घरामागे दुसरा खड्डा खणला, तर दोन फुटांवर काळा पाषाण. तिथं एक सळई ठोकली, पण तिच्यात दम नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता उपाय एकच: आभाळ भरलं की रेडिओची तार उपटून खिडकीबाहेर टाकायची. बायकोला, चंपाबाईला, मात्र त्यांनी बजावलं होतं, "गडगडत असलं तं तू हात लावू नको."

मे महिन्यात रस्त्याचं उद्घाटन झालं. नागोरावांना मंचावर खुर्ची मिळाली. भाषण चालू असताना लांब गुरगुरलं. आदल्या संध्याकाळी बोलून झाल्यावर तार तशीच जोडलेली राहिली होती. घर शंभर पावलांवर. पण पाहुणे माइकवरून त्यांचंच नाव घेत होते, पुऱ्या गावासमोर, जन्मात पहिल्यांदा. एवढं होऊ दे, असं म्हणत ते बसून राहिले. खांद्यावर शाल पडली आणि वीज पाइपावर.

खोलीत जळक्या रबराचा वास कोंदला होता. रेडिओ काळाठिक्कर. चंपाबाई दारात रडत होती. "म्या काढली असती ना तार. तुमीच म्हनले, हात लावू नको."

"तुझं नाई चुकलं. मी शालीपायी बसून राह्यलो."

सात वाजले. रोजची बोलायची वेळ. चंपाबाईनं मोबाइल पुढे केला. "फोनवर बोला ना त्या दोस्तांसंगं."

"नंबर नाई कोनाचाच."

"मंग लायसनच्या कचेरीतून पत्ता काढा. आडनावासकट आपलं पुरं नाव सांगा, तेबी सांगतीन."

"तेच तं सांगाचं नाई, चंपा," नागोराव म्हणाले, आणि बाहेर येऊन नव्या रस्त्यावर बसून लेकरासारखे रडले.