बिंदगा डोक्यावर, डोळा एक

ट्रॅक्टर अंगावर आला तेव्हा मी डांबरी रस्त्याच्या बरोबर मध्ये होते आणि डोक्यावर आंबिलीनं भरलेला मातीचा बिंदगा होता. आत्ताच तर तो तिकडं लांब कडुलिंबापाशी होता, काडेपेटीएवढा. मधलं काही झालंच नाही. एकदम त्याचं तोंड, लोखंडी जाळी आणि जाळीला बांधलेलं लिंबू-मिरची. लिंबू मला अगदी स्पष्ट दिसलं. वाळून काळं पडलं होतं. हॉर्न वाजत होता आणि मागून माझी सून ओरडत होती, "आत्या! टॅक्टर, आत्या!" माझे पाय जागेवर होते, पण पुढं टाकायचे का मागं, हे त्यांना कळेना.

एवढा मोठा ट्रॅक्टर तुला दिसला नाही का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. दिसला की. फक्त तो किती लांब आहे आणि किती जोरात येतोय, ते दिसलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे डावा डोळा जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

डोळा तुरीनं घेतला. खळ्यावर तुरी झोडपताना काडी उडून आत घुसली, जखम चिघळली आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी बरेच महिने औषधं घातली, पण डोळा गेला तो गेलाच. मी फारसं रडले नाही. दुसरा होता ना. मला वाटलं, एका डोळ्यानं अर्धं दिसेल आणि माझ्या वयाला अर्धं पुष्कळ झालं.

पण अर्धं दिसण्याची भानगड नव्हतीच. घरी आले आणि पहिल्याच दिवशी चहा कपाच्या बाहेर ओतला. कप दिसत होता, किटली दिसत होती, चहा फरशीवर. सुनेनं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. सुई-दोऱ्याचं तर विचारूच नका. दोरा सुईच्या पुढून नाहीतर मागून जायचा, आणि मला दर वेळी वाटायचं की आत गेला. पायरी उतरताना पाय हवेत आपटायचा. जग भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखं झालं होतं. सगळं रंगीत, सगळं जागच्या जागी, पण पुढं काय आणि मागं काय, कळायची सोय नाही.

तपासायला सुनेला घेऊन परत गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "एक डोळा गेला तर चहा कशाला सांडायचा?"

त्या हसल्या. मला म्हणाल्या, "आजी, दोन डोळे दोन वेगळी चित्रं काढतात. मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून ओळखतो, काय जवळ आहे, काय लांब." मग सुनेला म्हणाल्या, "बोट नाकासमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा."

सुनेनं धरलं. डोळे मिचकावले आणि दवाखाना ऐकेल एवढ्यानं ओरडली, "अगं बाई! बोट उड्या मारायलंय!"

बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. मला काही ती गंमत करता येईना. माझं बोट जिथल्या तिथं. मी म्हणाले, "मग माझ्या मेंदूनं आता काय करायचं? बसून राहायचं?"

"न्हाई आजी, तो दुसऱ्या खुणा शोधतो," बाई माझ्यासारखंच बोलायला लागल्या. "लहान-मोठं बघतो. कोण कुणाच्या आड आलंय ते बघतो. आणि तुम्ही हललात की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. त्यावरून तो अंदाज बांधतो. पण शिकायला वेळ द्या त्याला. रस्त्यावर जपून."

गंगाखेडच्या एसटीत बसलो आणि मी खिडकीला डोकं लावलं. बाई बोलल्या ते बाहेर सगळं चाललेलंच होतं. रस्त्याकडेची बाभळ आली म्हणेपर्यंत मागं पळायची. त्यामागचा कापूस हळू सरकायचा. पार लांबचं देवळाचं शिखर तर आमच्याबरोबर गाडीतच बसल्यासारखं चाललं होतं. जन्मभर एसटीनं फिरले, पण हे कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं असणार. त्याचा उपयोग असतो हे माहीत नव्हतं. बस थांबली की सगळं परत कॅलेंडर. चालू झाली की शेतं उलगडायची. त्या दिवशी मला बस थांबूच नये असं वाटत होतं आणि ती प्रत्येक फाट्यावर थांबली.

आता घरात तर काही बस नाही. मग मी कोंबडीकडं बघायला लागले. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणजे दाणा बघायचा तो एकाच डोळ्यानं, तरी दाण्यावरची चोच तिची कधी चुकत नाही. मान सारखी हालते. मी पण सुरू केलं. कप समोर घ्यायचा, मान जरा डावीकडं, जरा उजवीकडं. कप हलतो, मागची भिंत कमी हलते. कळलं, कप इथं आहे. मग ओतायचं. सांडणं बंद झालं.

सुनेची मात्र करमणूक झाली. "आत्या, मान लय चांगली चालायलीय. आता अंडं कधी द्यायलाव?"

"तुझ्यासारखी खुडूक कोंबडी घरात असल्यावर माझ्या अंड्याला जागा कुठं हाय?" मी म्हणाले. सून मोठ्यानं हसली. तिला हसायला निमित्त लागत नाही. हा तिचा एक गुण मी मानते. भाकरी मात्र अजून जाडच करते.

माझ्या मुलाला हे काही हसण्यासारखं वाटेना. येळवस जवळ आली तसा तो म्हणाला, "माय, औंदा बिंदगा हिच्या डोक्यावर दे. तू गाडीवर माझ्यामागं बसून चल."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमचं गाव गंगाखेडच्याही पलीकडं, लातूरच्या अंगाला, म्हणून ती आमच्याकडं मोठी. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं आंबट पातळ. ती मातीच्या बिंदग्यात भरून घरातल्या माणसानं डोक्यावरून शेतात न्यायची. आमच्या घरात बिंदगा वाटेत टेकवायचा नाही, अशी रीत आहे. मालक होते तोवर तो त्यांच्या डोक्यावर होता. ते गेले आणि मी उचलला. भावकीतल्या बायका कुजबुजल्या. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

म्हणून मी मुलाला नाही म्हणाले. मला पुढचं दिसत होतं, त्याला एक डोळा पुरतो. आज बिंदगा सोडला की उद्या एकटीनं शेतात जाणं बंद. मग बाजार बंद. मग बाजेवर बसून शेंगा फोडायच्या आणि कुणी पाणी आणून देईल म्हणून वाट बघायची. मी म्हणाले, "डोळा गेलाय, डोकं न्हाई. बिंदगा डोक्यावरच ठेवतात."

तो सुनेला म्हणाला, "तू मागं रहा तिच्या." आणि पूजेचं सामान नि भज्जी-खिरीचे डबे घेऊन मोटारसायकलवर पुढं गेला.

आम्ही निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. पुढं मी, मागं डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरींचं टोपलं घेतलेली सून. बिंदगा काठोकाठ होता आणि एक थेंब सांडला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. लहानपणापासून घागरी आणल्या, तर मानेला एवढं यायलाच पाहिजे. कमरेखालचं अंग चालतं, वरचं जागचं हलत नाही.

आणि तिथंच घोटाळा झाला. डोक्यावर बिंदगा असल्यावर मान हलवायची कशी? माझी कोंबडी त्या दिवशी बांधून ठेवलेली होती.

आमच्या शेताला जायला डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. मी सगळं अंग वळवून डावीकडं बघितलं, कारण तिकडचा डोळा मेलेला. ट्रॅक्टर कडुलिंबापाशी होता. मागं ट्रॉलीवर हिरवंगार उंच भरलेलं. मी म्हटलं, ऊस. कारखाना चालू असला की आमच्या रस्त्यावर दिवसभर उसाचे ट्रॅक्टर असतात, आणि भरलेला ट्रॅक्टर म्हणजे म्हातारीच्या चालीचा. तो येईपर्यंत माझे दोन रस्ते ओलांडून होतात. एरवी मी मान हलवून, पाऊल इकडं तिकडं टाकून त्याला झाडाशी ताडून बघितलं असतं. त्या दिवशी नुसतं बघितलं. सरळ आपल्याकडं येणारी गोष्ट बाजूला सरकत नाही, जागेवरच फुगते. लांब असते तोवर फुगलेली कळतही नाही. कळते तेव्हा लिंबू-मिरची दिसायला लागलेली असते.

आणि तो ऊस नव्हताच. उसाच्या शेंड्याचे वाढे होते, जनावरांना घालायला नेलेले. डोंगराएवढे दिसतात आणि वजनाला काही नाही. ट्रॅक्टर वाऱ्यासारखा येत होता.

सुनेनं टोपलं टाकलं, माझा पदर दोन्ही हातांनी धरला आणि बैलाचा कासरा ओढावा तसा ओढला. मी पाठीवर पडले, तिच्या अंगावर. बिंदगा माझ्या पायांच्या पुढं फुटला. ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्या आंबिलीतून गेलं आणि ट्रॅक्टर कडेच्या चारीत उतरून वाकडा उभा राहिला. अर्धे वाढे रस्त्यावर. मग एकदम सगळं शांत. सुनेच्या तोंडातून आवाज आला, "आत्या, उठा की. लय जड हाव तुमी."

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला. तिशीचा असेल. जिंतूरकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. तोंड पिठासारखं पांढरं. शिव्या देईल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "आजी, मला वाटलं तुमी कडेला उभ्या हाव."

"उभी? मी चालायले होते की!"

"तुमच्या डोस्क्यावरचं मडकं जरा बी हालंना हो! तुमी तिरक्या माझ्याकडंच यायल्या होत्या. मला वाटलं, मी जायची वाट बघायल्यात. म्हणून ब्रेक न्हाई लावला."

मी रस्त्यावर बसूनच हसायला लागले. मी त्याला सावकाश समजले, त्यानं मला थांबलेली समजलं. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. डॉक्टरीणबाई मेंदू अंदाज बांधतो म्हणाल्या होत्या, तो दोघांच्याही मेंदूनं बांधला आणि दोघांचाही फसला. माझी सरळ मान, जिचं सगळ्या गावानं कौतुक केलं, तिनंच मला मारलं असतं.

येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही जेवायला बोलवायचं असतं. मी म्हणाले, "चल जेवायला."

"आजी, मी तुमाला मारायलो होतो."

"मारलं न्हाईस ना? मग चल. भज्जी गार व्हायलीय."

त्यानं ट्रॅक्टर चारीतून काढला, वाढे परत भरायला आम्ही दोघींनी हात लावला आणि तो आमच्याबरोबर आला. कोपीपाशी मुलानं तिघांकडं बघितलं, माझ्या आंबिलीनं माखलेल्या लुगड्याकडं बघितलं आणि बिंदगा नाही हे बघितलं. सून सगळं सांगायला लागली तसा त्याचा आवाज चढला. "सांगितलं होतं का न्हाई, माय? आता बस झालं. तू एकटी त्या रस्त्यावर जायचं न्हाई."

त्याचं बोलणं बरोबर होतं. आंबील नव्हती, तर घरी राहिलेली मुलगा कॅनमध्ये घेऊन आला आणि पूजा झाली. बिंदगा फुटला म्हणजे अपशकुन, असं शेजारच्या शेतातली एक जाऊबाई बोलून गेली. मातीचा होता म्हणून फुटला. ट्रॅक्टरवाला भज्जी तीनदा मागून जेवला आणि सुनेच्या जाड भाकरीला चांगली म्हणाला. त्याला भूक लागली होती.

जेवण झाल्यावर मी मुलाला म्हणाले, "मान मोकळी असली तर मला रस्ता कळतो. चल, दाखवते."

तो नको म्हणत होता. मी निघालेच. तो मागून आला. रस्त्याच्या कडेला उभी राहिले, मान हलवली, दोन पावलं बाजूला गेले, परत आले. मग प्रत्येक गाडीला आधी सांगत गेले, ही जवळ आली, हिला वेळ आहे, ही भरधाव आहे. उसाचे ट्रॅक्टर, एसटी, मोटारसायकली. एकही चुकली नाही. एका गाडीला तर तोच चुकला. मग म्हणाला, "लोक बघायलेत, माय. कोंबडीगत दिसायलीस."

"दिसू दे," मी म्हणाले.

आमचं असं ठरलं की मी शेतात जायचं, बाजारालाही जायचं, पण डोक्यावर काही घ्यायचं नाही. पुढच्या येळवशीला नवा बिंदगा मी कमरेवर घेतला. डोक्यावरच पाहिजे, असं भावकीतल्या बायका म्हणाल्या. मी त्यांच्याकडं मान हलवून बघितलं आणि चालू लागले. रस्त्यापाशी सून म्हणाली, "आत्या, टॅक्टर." मी म्हणाले, "बघितला. लय लांब हाय." तरी तिनं पदर धरलाच होता. मी सोडवला नाही.

त्या दिवशी रस्त्यावर मी, माझी सून आणि तो ट्रॅक्टरवाला, असे तिघं होतो. तिघंही जिवंत आहोत.