मामांच्या गाडीची ड्युटी

आरटीओच्या फाटकासमोर ज्याची टपरी असते, त्याला करमणुकीसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. फायली आत जातात, माणसं गाड्या नावावर करून घरी जातात आणि किस्से तेवढे आमच्या पत्र्याखाली पडून राहतात. हिंगोलीत मी आणि गौतम खिल्लारे एकाच टेबलावर बसतो. मी गाड्यांची कागदपत्रं बघतो, गौतम विमा आणि ऑनलाइनचं बघतो, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर आमचं रोज भांडण होतं. ट्रॅक्टरवाल्यांचे किस्से सांगायला बसलो तर संध्याकाळ व्हायची. म्हणून आज एकाच गाडीचे सांगतो. ही गाडी आम्हा दोघांपैकी कोणीही अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही!

*

डोंगरकड्याचे मारोतीमामा म्हणजे मेंढ्या राखणारा माणूस. खांद्यावर टॉवेल, पायात जाड वहाणा, बोलणं कमी. एका सकाळी आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत पांढरी गाडी, मागे हिरवा डोंगर, डोंगरावर ढीगभर मेंढ्या. म्हणाले, ही इकडं आणून नावावर करायची.

मी सवयीने विचारलं, पासिंग कुठलं? नांदेड, परभणी, वाशिम?

"न्यूझीलंड," मामा म्हणाले.

गौतम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मानही वर न करता सांगितलं, "बाहेरची गाडी हाय. तिथल्या आरटीओची एनओसी लागंल."

त्याचाही दोष नाही. परजिल्ह्यातल्या गाडीला आम्ही झोपेत सुद्धा हेच सांगतो.

मग सगळी हकिकत कळली. मामांचा मुलगा कैलास जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करून तिकडे एका मेंढ्यांच्या फार्मवर लागला होता. आमच्याकडे मेंढ्या राखतो म्हटलं की पोराची सोयरीक जमत नाही, तिकडे त्याच कामासाठी विमानाचं तिकीट देऊन नेलं. आता त्याला परत येऊन इथंच मेंढ्यांचा फार्म टाकायचा होता. अट एकच. तिकडे घेतलेली गाडी सोबत आली पाहिजे, तिच्यावर त्याचा भारी जीव.

मी म्हटलं, मामा, गाड्या काय इथं मिळत नाहीत का? नवी घ्या की. मामा खाली बघत बोलले.

"मला गाडीचं काय करायचंय, सुधाकरराव? मी मेंढ्यामागं पायी हिंडणारा माणूस. पण पोरगं म्हणून राहिलं, गाडी आली तर येतो, न्हाईतर करार वाढवतो. त्याची माय रोज इचारते. तुमी फक्त गाडी आणा."

म्हणजे आपल्याला गाडी नाही, पोरगं आयात करायचं आहे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी समजलं. गौतमने त्या दिवशी चहाचे पैसे न भांडता दिले.

*

एनओसीचं पुढे काय झालं ते ऐका. कैलास खरोखर तिथल्या ऑफिसात गेला. काउंटरवरच्या बाईंना काही उमजेना. तुमची गाडी, तुमच्या देशात नेताय, तर आमची हरकत कशाला असेल? कैलास म्हणाला, हेच लिहून द्या. बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की आमची काही हरकत नाही, आणि खाली प्रवासाला शुभेच्छाही दिल्या.

गौतमने ते पत्र प्रिंट काढून दोनदा वाचलं आणि टेबलावर परत ठेवलं. "गोल शिक्का न्हाई."

कैलास पुन्हा गेला. त्या ऑफिसात गोल शिक्का नावाची वस्तूच नव्हती. तिथले लोक सही करतात आणि सहीवर विश्वास ठेवतात, आता काय बोलणार! पण त्या बाईंनी हार मानली नाही. शाळेच्या पोरांना रस्त्याचे नियम शिकवताना मारायचा एक शिक्का त्यांना खणात सापडला. त्यावर हसणारी मेंढी होती. त्यांनी तोच मारला. या येण्याजाण्यात कितीतरी आठवडे गेले.

मेंढीचा शिक्का बघून मी गौतमकडे बघितलं. त्याने कागद उजेडाला धरला आणि फाइलला लावला. म्हणाला, "गोल हाय."

*

नंतर आम्ही खरे नियम शोधले. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टेअरिंग उजव्या बाजूला पाहिजे. रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे असा तपासणीचा दाखला पाहिजे. स्टेअरिंग बरोबर बाजूला होतं, वय अजून तीनच्या आत होतं. सगळं जमत होतं.

मामांना मात्र वयाचं पटेना. त्यांचं म्हणणं, इकणारा सांगतो ते वय कधी खरं असतं का? बाजारात कोणी मेंढीचं वय विचारत नाही, तोंड उघडून दात बघतात. मुंबईच्या बंदरातला साहेब गाडीचं काय उघडून बघणार? गौतम म्हणाला, बॉनेट. मामांचं तेवढ्यावर समाधान झालं. जाताना म्हणाले, कैलासला सांगतो, गाडी धुऊन पाठव म्हणावं, साहेबाला तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे.

*

मग आली ड्युटी. ही कशी सांगायची यावर आम्ही दोघांनी दोन दिवस घालवले. शेवटी गौतमने मेंढीच काढली. मामा, समजा तुम्ही एक मेंढी विकत घेतली. तर सरकार म्हणतंय, मेंढीचे पैसे मालकाला द्या आणि तिच्या किमतीपेक्षा जास्त आम्हाला द्या.

मामांनी विचारलं, मंग मेंढी कितीला पडली? गौतम म्हणाला, दोनाच्या वर. मामा म्हणाले, आन् घरी किती आल्या? गौतम म्हणाला, एक.

वर आणखी गंमत अशी की तुम्ही कितीला घेतली हे कस्टमवाले ऐकत नाहीत. नवी असताना काय किंमत होती ते बघतात आणि त्यातून आपल्या हिशोबाने घट धरतात. त्यात जहाजाचं भाडं मिळवतात, विमा मिळवतात आणि त्या सगळ्यावर ड्युटी लावतात. मामा शांतपणे ऐकत होते. जहाजाच्या भाड्यावर ड्युटी म्हटल्यावर मात्र त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. म्हणाले, बैलगाडीच्या भाड्यावर बी कोणी पट्टी घेत न्हाई.

निघताना त्यांनी आम्हाला बजावलं की यातलं कैलासच्या कानावर जाता कामा नये. त्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की इकडची बारकी सरकारी फी असते, ती आमी बघतो. खरा आकडा कळला तर पोरगं येणार नाही, ही त्यांची धास्ती.

*

मुंबईला मामांसोबत मीच गेलो. बंदरावरून माल सोडवून देणारा एक क्लिअरिंग एजंट गाठला होता. काचेची केबिन, एसी, टेबलावर दोन फोन. पोरगा शहाणा होता, मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फाइल उघडली, मेंढीचा शिक्का बघितला आणि हे पत्र कोणी मागितलं म्हणून विचारलं. कुठेच लागत नाही म्हणाला. मी म्हटलं, असू द्या, नडलं तर कामाला येतं.

मग त्याने कागदावर ड्युटीचा आकडा लिहिला आणि कागद मामांकडे सरकवला. मामांनी आकडा बघितला. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या पोराच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखालून त्याची बोटं धरली.

आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. जवळा बाजार या गावच्या बाजारात मामांचे हयातभर सगळे सौदे असेच झालेले. त्यांनी आपला भाव दाबला आणि उत्तराची वाट बघत बसले.

त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याने हात ओढायचा प्रयत्न केला, पण मेंढ्या धरणाऱ्या हातातून हात सुटतो का? शेवटी छताकडे डोळे करून कुजबुजला, "काका, इथं कॅमेरा आहे."

मामा म्हणाले, "म्हणून तर टॉवेल टाकला."

*

गाव तोवर स्वस्थ थोडंच बसणार! गाडी न्यूझीलंडलाच उभी होती, पण इकडे तिचे बेत ठरून गेले. मामांचे जवळा बाजारचे साडू आले आणि आपल्या पोराच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून येणार असं मुलीकडच्यांना सांगून मोकळे झाले. मामांना नाही म्हणता येईना. साडूंनी तर गाडीला किती हार लागतील म्हणून आमच्याकडे लांबी-रुंदी विचारली. गौतमने कागद बघून ती मिलिमीटरमध्ये सांगितली. साडूंनी फुलवाल्याला तशीच सांगितली, आणि फुलवाल्याने ऑर्डर घ्यायला नकार दिला.

*

इथून पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मुंबईच्या एजंटचा फोन आला की गाडीला आता तीन वर्षं होत आली आहेत. या महिन्याच्या जहाजात चढली नाही तर विषय संपला. आणि जहाजात चढवायची तर ड्युटीचे पैसे तयार ठेवा, नाहीतर गाडी बंदरात पडून राहील आणि पडून राहिल्याचं भाडं वेगळं.

मामांनी आम्हाला काही सांगितलं नाही. सरळ जवळा बाजारला गेले आणि सगळ्या कळपाचा सौदा करून इसार घेऊन आले. एक मेंढी सुद्धा मागे ठेवली नाही.

ही बातमी साडूंना बाजारातच कळली. त्यांना वाटलं, मामा अडचणीत आले, आता नवरदेवाच्या गाडीचं काय? म्हणून त्यांनी काळजीने कैलासला फोन लावला आणि ड्युटीपासून इसारापर्यंत सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या टेबलावर बसलेले असताना कैलासचा फोन आला. मामांनी तो स्पीकरवर टाकला, कारण एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं. पोरगं संतापलेलं होतं.

"बाबा, मी मेंढ्यांसाठी येऊन राहिलो होतो. तुमी मेंढ्या इकून गाडी आणली, तर मी तिथं येऊन चारू काय? गाडी?"

मामा म्हणाले, तू ये, मंग बघू. कैलास म्हणाला, इसार आजच्या आज परत करा, आणि फोन ठेवून दिला. मामांनी इसार परत केला. त्यानंतर कैलासने फोन उचलला नाही. जहाज गेलं, गाडी तीन वर्षांची झाली. मामा एकदा येऊन बसले. चहा घेतला नाही.

"गाडी गेली त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पण आता पोरगं कशाला येतंय?"

आम्हा दोघांना तोंड वर करवेना. एवढ्या फायली आम्ही मार्गी लावल्या, पण ही एक तशीच राहिली.

*

आणि एके दिवशी मामांचाच फोन. सोमवारी दुपारी फाट्यावर या, गाडीची पूजा आहे. मी म्हटलं, मामा, कुठली गाडी? म्हणाले, येऊन राहिली ना. आणि फोन बंद.

गौतम आणि मी मोटारसायकलवर डोंगरकड्याला गेलो. फाट्यावर मामा उभे, नवा टॉवेल. गयामामी नव्या लुगड्यात. ताटात हळद-कुंकू, नारळ, लिंबं, झेंडूचा हार. गौतम माझ्या कानात म्हणाला, वयाची अट कोणी शिथिल केली?

नांदेडहून हिंगोलीला जाणारी एसटी आली. थांबली. दोन बॅगा घेऊन कैलास खाली उतरला. मेंढ्या राहिल्या हे कळल्यावर गाडी तिकडेच विकून आला होता. मामींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तशाच रडत उभ्या राहिल्या.

मामा पोराकडे बघून हसले आणि ताट घेऊन एसटीच्या पुढे गेले. काचेखाली हळद-कुंकू लावलं, वायपरला हार बांधला, पुढच्या चाकाखाली लिंबं ठेवली. ड्रायव्हरने काही न विचारता इंजिन बंद केलं आणि हात जोडले.

कंडक्टर मात्र तरातरा खाली उतरला. गाडी लेट होऊन राहिली, काय लावलंय हे? मामा म्हणाले, नवी गाडी आली की पूजा करावी लागते. कंडक्टर म्हणाला, ही नवी न्हाई, यंदा भंगारात जाणार हाय, आन् तुमची बी न्हाई.

"माझं पोरगं कशात आलं?" मामांनी विचारलं.

"हिच्यात."

"मंग?"

कंडक्टर बाजूला झाला. मामांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला खोबरं दिलं, कंडक्टरलाही दिलं. नव्या गाडीची पहिली फेरी घरच्या बाईमाणसाची असते, म्हणून गयामामी वर चढून पुढच्या सीटवर बसल्या. आत्ताच उतरलेला कैलास बॅगा घेऊन पुन्हा वर चढला.

कंडक्टरने हातातलं खोबरं खिशात टाकलं आणि तिकिटाचं मशीन पुढे घेतलं. कुठं जायचं? मामा खालूनच म्हणाले, कळमनुरी. कंडक्टर म्हणाला, पोराचं पूर्ण, मावशीचं अर्धं. सवलत आहे.

मामांनी खिडकीतून नोट आत दिली.

"दोन्ही पूर्ण फाडा," ते म्हणाले. "परदेशातून आणलंय. ड्युटी बुडवायची न्हाई."