कूपेची डावी बाजू

माझ्या मावशीला गाडी चालवता येत नाही. शिकावं असं तिला कधी वाटलंही नाही. पण सत्तावीस वर्षं ती गाड्यांच्या कारखान्यात कामाला होती, आणि आजही रस्त्यावरून एखादी गाडी गेली की बोलता बोलता थांबते आणि म्हणते, "हिचं बूड कुणीतरी घाईत उरकलंय."

आजोबा, म्हणजे मावशीचे आणि माझ्या आईचे वडील, कापडाच्या दुकानांत काचेमागे उभे करतात ते पुतळे बनवायचे. आईला त्या कामाचा कंटाळा होता, मावशीला मात्र वेड. ती तेवीस वर्षांची असताना गाड्यांच्या कारखान्यातला एक माणूस दुकानात आला. नव्या गाडीचा नमुना आधी मातीत करतात, त्यासाठी त्यांना सफाईदार हात हवे होते. आजोबा म्हणाले, "मी नाक-डोळेवाला माणूस. चाकं मला जमायची नाहीत. हिला न्या."

तशी मावशी त्या स्टुडिओत गेली. तिथली माती म्हणजे कुंभाराची माती नव्हे. तपकिरी, मेण घातलेली, गंधकाचा वास मारणारी. भट्टीत गरम करून मऊ करायची, लाकडाच्या सांगाड्यावर थापायची, गार झाली की पोलादी पात्यांनी खरवडत खरवडत आकार काढायचा. तयार होते ती अख्खी गाडी, खऱ्याच मापाची, फक्त आत बसता येत नाही. मावशीच्या कपड्यांचा तो वास कधी गेला नाही. आई म्हणायची, "ही घरात येण्याआधी हिचा वास येतो."

स्टुडिओत तिच्या जोडीला एक जण होता. त्याच्या खिशात कायम पोलादी पट्टी असायची, म्हणून सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. मावशी डोळे मिटून हाताने चाचपायची, तो मोजायचा. ती म्हणायची, "इथं खड्डा आहे." तो पट्टी लावून म्हणायचा, "नाही." मग दोन दिवसांनी खड्डा निघायचा. कधी निघायचाही नाही. एकमेकांशिवाय दोघांचं पान हलत नसे, पण बोलणं मात्र "अहो", "तुम्ही" असंच, शेवटपर्यंत.

मावशीला तिथे लागून नऊ वर्षं झाल्यावर ती कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, आली. विकायची गाडी नव्हती. एका मोठ्या प्रदर्शनात ठेवायची, लोकांनी तोंडात बोटं घालावीत, एवढ्यासाठीच एक नग करायचा. स्टुडिओच्या प्रमुखांना सगळे नुसतं साहेब म्हणत. त्यांनी भिंतभर जुन्या कूपेंचे फोटो लावले. युद्धाआधीच्या, पाण्याच्या थेंबासारख्या मागे निमुळत्या होत गेलेल्या. नंतरच्या, बाजूच्या काचांमध्ये खांबच नसलेल्या. त्यानंतरच्या, सुरीने तासलेल्या पाचरीसारख्या. आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "पूर्वी घोड्याच्या गाडीत चार माणसं समोरासमोर बसायची. कुणीतरी पुढचा अर्धा भाग कापून टाकला आणि दोघांपुरती जागा ठेवली. फ्रेंचमध्ये कूपे म्हणजे कापलेली."

"मग आपण काय काय कापायचं?" फूटपट्टीने वही उघडून विचारलं.

"उंची कापा. मागची दारं कापा. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी ऐसपैस बसायची आशा कापा. डौल तेवढा कापू नका."

हे शेवटचं वाक्य फूटपट्टीने लिहून घेतलं नाही, असं मावशी अजून सांगते.

साहेबांच्या मनात दोन विचार होते आणि माती एकाच गाडीपुरती. म्हणून त्या धंद्यात नेहमी करतात तेच त्यांनी केलं. एकाच नमुन्याची डावी बाजू एका तऱ्हेने, उजवी दुसऱ्या तऱ्हेने. कुणालाही एका वेळी एकच बाजू दिसते, त्यामुळे बिघडत नाही. वरचे लोक येऊन एक बाजू निवडतात, मग दुसरी तिच्यासारखी करून घेतात. डावी मावशीला दिली, उजवी फूटपट्टीला.

फरक होता तो कमरेत. दार संपतं, छत खाली उतरत येतं आणि मागच्या चाकावरचा फुगवटा सुरू होतो, त्या जागेला ते गाडीची कंबर म्हणत. मावशीच्या बाजूला छत एका श्वासात शेपटीपर्यंत वाहत गेलं होतं. फूटपट्टीच्या बाजूला चाकावर एक बारीक धार होती, घडी घातलेल्या चादरीसारखी. दोघं चार महिने खपले. शेवटी मातीवर चंदेरी पातळ कागद ओला करून ताणला, वर ट्यूबलाइट लावल्या आणि त्यांच्या रेघा गाडीच्या अंगावरून कुठेही न अडखळता जातात का ते पाहिलं.

निवडीच्या दिवशी कंपनीचे सर्वात मोठे मालक आले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मागे जाऊन उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "हीच!" टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "ठरलं." आता मागे उभं राहून दाखवलेला हात नेमका कोणत्या बाजूला होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मावशीला वाटलं, आपली बाजू. फूटपट्टीला वाटलं, आपली. साहेब त्याच आठवड्यात परदेशी गेले. साचे घेणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचे साचे घेतले, त्यात फायबर ओतलं आणि गाडी उभी केली. नमुन्याची माती परत भट्टीत गेली, दुसऱ्या गाडीला लागली.

प्रदर्शन दूरच्या शहरात होतं. मावशीने गाडी पाहिली ती फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत, डावीकडून काढलेल्या. तो तिने कापून फ्रेममध्ये लावला. फूटपट्टीच्या घरी एका मासिकातलं पान होतं, उजवीकडून काढलेलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. चौतीस वर्षं दोघांनी त्या गाडीचा विषय एकमेकांपुढे काढला नाही. मावशी मला म्हणायची, "बिचाऱ्याची बाजू गेली. कशाला जखमेवर मीठ चोळायचं?"

गाडी पुढे कधी बाजारात आली नाही. मावशी निवृत्त झाली, गुडघे दुखायला लागले, आमच्या घराजवळच राहायला आली.

मागच्या वर्षी एका गाड्यांच्या संग्रहालयातून फोन आला. जुन्या गाड्या दुरुस्त करणारी एक मुलगी बोलत होती. ती कूपे कुठल्याशा गोदामात सापडली होती. गोदामाचं छप्पर गळून गाडीचा मागचा डावा कोपरा पार कुजला होता. "सोपं काम वाटलं होतं," ती म्हणाली. "उजवा कोपरा मापायचा, आरशात बघितल्यासारखा उलटा करायचा, डावीकडे बसवायचा. पण तो बसतच नाही. आजी, या गाडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. खरी कुठली?"

मावशीने फोनवर तळहात ठेवला. मग मला म्हणाली, "काहीतरी गफलत झालीये. मुलीने चुकीचं मोजलंय."

मी तिला घेऊन गेले. उंच छताची, तेलाचा वास असलेली शेड होती, मधोमध ती गाडी. मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगते, इतकी बुटकी आणि इतकी देखणी गाडी मी कधी पाहिली नव्हती. मावशी डावीकडे गेली. डोळे मिटले. दारापासून मागे हात फिरवत नेला, कुजलेल्या भागाच्या वीतभर अलीकडे थांबली. हात परत पुढे आणला. परत मागे.

"इथं धार आहे," ती म्हणाली.

"हो," मुलगी म्हणाली. "अगदी बारीक. आणि उजवीकडेही आहे, पण अर्ध्यातच विरून जाते."

"पण धार माझी नव्हे. मी धार केलीच नव्हती."

ती काठी न घेता उजवीकडे गेली, मी मागून धावले. तिथे हात फिरवला. चेहरा असा झाला, जशी भरल्या घरात आपलीच खोली सापडू नये. "हे छत तर माझं आहे," ती म्हणाली. "हा उतार मीच केलाय, हाताला कळतंय. पण मी डावीकडे होते. होते ना गं?"

मी काय सांगणार? मी तेव्हा शाळेतही जात नव्हते.

"कदाचित साचे उलटसुलट लागले असतील," मुलगी चाचरत म्हणाली.

"डाव्याचा साचा उजवीकडे बसतो होय?" मावशी तडकली आणि लगेच खुर्चीत बसली. घरी जाईपर्यंत ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने हुकूम सोडला, "मला फूटपट्टीकडे ने."

फूटपट्टी आपल्या लेकीकडे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. एका डोळ्याला दिसत नव्हतं, बाकी माणूस ताठ. मावशीने चहाचा कप हातात घेण्याआधीच विचारलं, "त्या कूपेची कुठली बाजू निवडली होती?"

"माझी," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही."

मावशीच्या घशातून असा आवाज आला की मला वाटलं ठसका लागला. ती हसत होती. मग तिने सगळं सांगितलं. दोन बाजू, दोन साचे, एकच गाडी. फूटपट्टी उठले. आत जाऊन त्यांनी मासिकाचं ते पान आणलं, डोळ्याशी धरलं, ठेवून दिलं.

"म्हणजे दोघांचीही निवडली," मी म्हणाले.

"किंवा कुणाचीच नाही," ते म्हणाले.

"ते राहू दे," मावशी म्हणाली. "माझ्या बाजूला धार कुठून आली?"

फूटपट्टींनी कप खाली ठेवला. "तुमचे वडील दवाखान्यात होते, तुम्ही अकरा दिवस आला नव्हता. साहेब म्हणाले, काम थांबायला नको. मी तुमच्या बाजूला हात लावला. धार करायची नव्हती मला. पण माझा हात, पट्टी, सवय. तुम्ही परत आलात आणि काही बोलला नाहीत. मला वाटलं, आवडली."

"तेव्हा मला वाटलं असेल, मीच केलीये, आणि पुढे तेही विसरले. डोकं ठिकाणावर होतं कुठे तेव्हा." मावशीने कप बाजूला सारला. "आणि तुमचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं, तेव्हा साहेबांनी मला तुमची बाजू पुसून घ्यायला सांगितलं होतं. चार दिवस. नुसतं पुसायला."

"नुसतं पुसलंत?"

"तेच तर मला आठवत नाही!"

दोघं एकमेकांकडे बघत बसले. कोण रागावलंय आणि कोण ओशाळलंय, मला काही उलगडेना. त्यांनाही उलगडत नसावं.

संग्रहालयातल्या मुलीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. "मग मी कोपरा कसला करू? धारेचा की बिनधारेचा?"

"मातीत करून बघू," मावशी म्हणाली. "मग ठरेल."

मुलीने तपकिरी माती मागवली. दोन म्हातारे जीव तीन आठवडे, दर मंगळवारी, त्या शेडमध्ये स्टुलावर बसून कोपरा करत होते. मी आणायची, सोडायची, मधे बसून राहायची. मावशीची बोटं आता थरथरतात, फूटपट्टींना पट्टीवरचे आकडे वाचता येत नाहीत. मावशी त्यांना आकडा वाचून दाखवायची, ते तिचा हात धरून पातं स्थिर ठेवायचे. "इथं वाढलंय." "कमी आहे." "अहो, मोजा तरी!" "तुम्हीच मोजा, मला दिसत नाही." पहिला कोपरा दोघांनाही पटला नाही, खरवडून टाकला. दुसऱ्यात धार इतकी ठळक आली की फूटपट्टीच म्हणाले, "ही माझीसुद्धा नव्हे." तिसऱ्यात धार दारापासून निघाली, चाकावर आली आणि कोपऱ्याच्या आधी हळूच छतात मिसळली. मुलीने ट्यूबलाइट लावली. रेघ गेली, अडखळली नाही. तिने साचा घेतला.

गाडी लोकांसाठी ठेवली त्या दिवशी आम्हाला बोलावलं होतं. पाटीवर काय लिहायचं याचा मुलीने आधी फार घोळ घातला होता. शेवटी लिहिलं होतं की दोन्ही बाजू दोघांनी केल्या, आणि बाजू एकसारख्या नाहीत. लोक पाटी वाचून आधी डावीकडे जायचे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. पुष्कळांना फरक दिसतच नव्हता. फूटपट्टी खुर्चीवर बसून एका बाईला सांगत होते, "डावीकडची धार माझी," आणि मावशी लांबून ऐकून कुरकुरत होती, "सुरुवात तेवढी त्यांची."

परत येताना गाडी मी चालवत होते, मावशी शेजारी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "अगं, तू तर सगळं समोर बसून पाहिलंस. तो नवा कोपरा, शेवटचा हात कुणाचा होता?"

मी आठवायला लागले. तिसरा मंगळवार, स्टूल, पातं, पात्यावर तिची बोटं आणि तिच्या बोटांवर त्यांची. मी तिथेच होते, दोन हातांच्या अंतरावर. आणि तरी मला सांगता येईना.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता.