जिवंत मुळांतला हिरवा उजेड

मी वर्गावर होते. शिपाईभाऊ दारात येऊन नुसते उभे राहिले. शोभा गेली म्हणाले. सकाळी घरीच, हृदयविकाराचा झटका... आदल्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली वांग्याची भाजी फस्त केली होती आणि वर "मीठ कमी हाय" म्हणून नावं ठेवली होती. महिना उलटला, तरी कॉलेजातल्या तिच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपुढून जाताना मी हाक मारायला तोंड उघडते.

शोभा आलापल्लीच्या अलीकडच्या धानाच्या गावची. एका वर्षी शेतातल्या बांधीतला धान तांबूस पडला, म्हणून झिंकचं खत टाकलं, तेव्हा तिच्या मायनं सहज विचारलं, "टाकलेलं मुळात जाते का नाई, कोनं पाह्यलं काय?" त्या प्रश्नानं ही बाई झपाटली. तिला असा रेणू बनवायचा होता, जो झिंकला भेटताच हिरवा उजळेल, आणि तोही जिवंत मुळात. मूळ वाळवून, जाळून झिंक मोजता येतंच की, असं मी वनस्पतिशास्त्रवाली तिला डिवचायची. ती भडकायची. "मारून पाहाचं असंन तं मायले काय सांगू?"

रेणू बनला. परीक्षानळीत झकास चमकला. मुळात मात्र अंधार, आणि कितीतरी महिने अंधारच... शोभा खंगल्यासारखी दिसायला लागली. मग एकदाचं कळलं. शोभाच्या घरी रोवणीआधी पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली पेंडी देवाजवळच्या तांब्याच्या लोट्यातल्या शिळ्या पाण्यानं धुतात. शोभा प्रयोगशाळेतही रोपं तशीच धुवायची, मोठ्या श्रद्धेनं! पाण्यात उतरलेलं तांबं तिच्या रेणूला झिंकच्या आधी जाऊन चिकटायचं आणि उजेड विझवून टाकायचं. हे उमगलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग काचेच्या भांड्यातल्या शुद्ध पाण्यानं रोपं धुतली, रेणूच्या द्रावणात ठेवली, खोलीत काळोख केला, जांभळी टॉर्च लावली... आणि केसासारख्या बारीक मुळ्या टोकापासून वर हिरव्या होत गेल्या. मी जन्मभर मुळं शिकवली, पण मुळाला खाताना कधी पाहिलं नव्हतं. हात आपोआप जोडले गेले. रोवणी आटोपली की मायला आणायचं ठरलं होतं. त्याआधीच शोभा गेली.

मागच्या आठवड्यात माय शोभाच्या वस्तू न्यायला प्रयोगशाळेत आली. मी ताजी रोपं तयार ठेवली होती. दार लावून टॉर्च धरली. माय वाकली ती वाकलीच.

"जित्तं हाय का हे?"

"हो माय, जित्तंच हाय. वाढून राह्यलं."

"अन् हे हिरवं, हे झिंक?"

मी हो म्हटलं. तिनं एका मुळीजवळ बोट नेलं. मग "जाते तं मुळात..." एवढंच पुटपुटली.

सगळं पिशवीत भरून झालं. उजेड येऊ नये म्हणून शोभानं खिडकीवर टाचलेली तिची काळी ओढणी तेवढी राहिली होती. मी ती काढायला गेले, तर मायनं माझा हात धरला.

"राहू दे बाई. अंधार लागते ना त्याले."