आग्रहाची भाकरी

बारा वर्षांची होईस्तोवर मी सोप्यात अप्पांच्या शेजारी पाटावर बसून जेवले. एकुलती लेक, म्हणून लाड. तिथं बसलं की आमचं घर भरलेलं दिसायचं. आई दुरडी घेऊन यायची, "घ्या की अजून अर्धी," म्हणायची. अप्पा नको नको म्हणत घ्यायचे, दादा घ्यायचा, मीही घ्यायचे. आईला भाकरी आवडतच नाही, असं मला खरंच वाटायचं. काय ती अक्कल!

मग मला न्हाण आलं, लुगडं नेसवलं आणि माझी जागा चुलीपाशी गेली. ते निजामाच्या लेव्हीचं साल होतं. पेवातली ज्वारी सरकारी गाड्यांत भरून गेलेली. पहिल्याच दुपारी पुरुष जेवून उठल्यावर मी दुरडीवरचं फडकं उचललं. आत दीड भाकरी. आणि जेवायच्या आम्ही तिघी: आई, मी आणि दादाची बायको, सातव्या महिन्यातली.

वैनी उमरग्याकडची. माहेरी कानडी बोलणारी, आमच्याकडं आल्यापासून कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारी. अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खायची, वर तांब्याभर पाणी प्यायची आणि भिंत धरून उठायची. अप्पा सोप्यातून म्हणायचे, "आपल्या घरात खायला काय कमी हाय? पोरगीच नाजूक." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची!

"सांग की त्यांना," मी आईला म्हटलं.

"जेवत्या माणसाला न्हाय म्हणायचं व्हय? घराची लाज जाईल."

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घ्या की अजून अर्धी. अप्पांपेक्षा मला आईचाच जास्त राग यायचा.

एक दिवस वैनी आडावर चक्कर येऊन पडली. घागर फुटली. पोटातलं पोर वाचलं, नशीब. त्या दुपारी मी रिकामी दुरडी अप्पांच्या ताटापुढं पालथी घातली. "ह्यातनं आता आमी तिघी जेवणार."

अप्पांचं तोंड उतरलं. "मला कुणी बोललंच न्हाय."

"तुमी विचारलं कवा?"

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "आज मी मागून बसतो, बायकांसंगं." आणि खरंच चुलीपाशी येऊन मांडी घातली. आई इतकी ओशाळली की तिनं त्यांच्या ताटात दोन भाकरी वाढल्या, वर "घ्या की अजून अर्धी!" अप्पांनी सवयीनं घेतली. सासऱ्यापुढं सून तोंड दाखवत नाही, म्हणून वैनी भिंतीकडं तोंड करून, पदर ओढून बसलेली. तिची थाळी रिकामी होती, आणि ती अप्पांना दिसतच नव्हती.

मी उठले. अप्पांच्या ताटातली न मोडलेली अर्धी भाकरी उचलली आणि वैनीच्या थाळीत टाकली. बापाच्या ताटातला घास काढला म्हणून आई कपाळ बडवायला लागली. वैनीनं ती भाकरी कोरडीच खाल्ली, भराभर. अप्पा तिच्या पाठीकडं बघत राहिले.

"सूनबाई, वळून बस. जेवताना दिसू दे मला."

वैनी वळली नाही. मग अप्पाच उठले आणि भिंतीला टेकून, तिची थाळी दिसेल असे बसले. सोप्यापासून तिथवर मोजून दहा पावलं. तेवढी चालायला त्यांना सून आडावर पडावी लागली. माझा राग अजून उतरलेला नाही.